पकड

रत्नागिरीत गाडीचं वय मीटरपेक्षा टपावरून आधी कळतं. किलोमीटर कितीही कमी असोत, इंजिन कितीही सुरेल चालो, सात-आठ उन्हाळे उघड्यावर काढलेल्या गाडीच्या टपावर कधीतरी एक दुधट डाग उमटतो. हात फिरवला तर बोटांना काही जाणवत नाही. पुढच्या मार्च-एप्रिलात त्या डागाच्या मधोमध बारीक भेग दिसते आणि मग उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखी तिची कड वर उचलते. नख घातलं की पारदर्शक पापुद्रा अलगद हातात येतो. त्याच्याखाली रंग असतो, माझ्या गाडीला निळा, पण त्याचं पाणी उतरलेलं असतं.

माझ्या गाडीचा आधी टप गेला, मागोमाग बॉनेट, मग डिकीची वरची कड. दारं मात्र तशीच राहिली. आडव्या पत्र्यावर दुपारचं ऊन सरळ पडतं, उभ्या पत्र्यावर तिरकं. चाकांचं दुखणं निराळं होतं. अ‍ॅलॉयच्या चकचकीत तोंडावर, लॅकरच्या आतल्या बाजूला, कडेकडून मधे सरकत आलेल्या बारीक पांढऱ्या नागमोडी रेघा होत्या. तिथे उन्हाचा काही संबंध नव्हता. एकाच गाडीवर दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेले दोन आजार, आणि दोन्हींत झालेलं एकच: वरच्या थराने खालच्या थराला सोडून दिलेलं.

सल्ले भरपूर मिळाले. कुणी वॅक्स लावायला सांगितलं, कुणी वरून रॅप चढवायला, म्हणजे सगळं झाकून जाईल. बहुतेकांचं म्हणणं, विकून टाक. मला ते पटेना. इंजिन धडधाकट, पत्रा कुठे कुजलेला नाही, ब्रेक जागच्या जागी लागतात. अशा गाडीला केवळ अंगावरचे पापुद्रे सुटले म्हणून घराबाहेर काढायचं, हे मला आजही मान्य नाही. ते पोलाद वितळवायला, पत्रा दाबायला, रंग भाजायला जे काही जळलं ते सगळं त्या गाडीत साठलेलं आहे. रंग गेला म्हणून ते गेलेलं नाही.

पण उपाय करायचा तर आधी ते सुटलं का, हे समजायला हवं होतं. कारखान्यात पत्र्यावर चढणारे सगळे थर मिळून जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा भरतात. उघडी बॉडी आधी फॉस्फेटच्या द्रावणातून निघते. पत्र्यावर सूक्ष्म स्फटिकांचा खरखरीत थर धरतो, पुढच्या रंगाला रुतायला जागा मिळावी म्हणून. मग तीच बॉडी रंगाच्या हौदात बुडते आणि हौदातून विजेचा प्रवाह सोडतात. रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात आणि फवारा कधीच पोचणार नाही अशा आतल्या खाचांतही जाऊन बसतात. हा ई-कोट, साधारण वीस मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर. त्यावर बेस कोट, म्हणजे आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो, अवघा पंधरा-वीस मायक्रॉन. आणि सगळ्यांत वर रंगहीन क्लिअर कोट, चाळीसच्या आसपास.

उन्हाचा मार झेलतो तो हा क्लिअर कोट. त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ती वर्षानुवर्षं किरण गिळतात आणि गिळता गिळता स्वतः संपत जातात. ती संपली की किरण बेस कोटपर्यंत उतरतात आणि दोन थरांची सांधणी तिथेच, आतल्या आत, तुटू लागते. टपावरचा तो दुधट डाग म्हणजे सुटलेल्या थराखाली शिरलेली हवा. म्हणून वॅक्स लावून तो परत बसत नाही. सुटलेल्या कडेवर नवा क्लिअर मारला तरी तो त्या सुटलेल्यालाच चिकटतो आणि वर्षभरात त्याच्यासकट निघून येतो. रॅपचंही तेच. ते अंगावरून काढायची वेळ येते तेव्हा बरोबर आणखी पापुद्रे घेऊनच उतरतं.

जुन्या गाड्या अशा म्हाताऱ्या होत नसत. लहानपणी मुंबईला मावशीकडे गेलो की काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत बसायचो. त्यांच्या दाराला टेकून उभं राहिलं की फ्रॉकला रंगाची भुकटी लागायची. एकजिनसी रंग, वर वेगळं आवरण नाही. उन्हाने वरचा भाग मरायचा, टॅक्सीवाला रबिंग कंपाउंड आणि फडकं घेऊन तो मेलेला भाग घासून काढायचा आणि खालून तोच रंग ताजा निघायचा. पुढच्या वर्षी पुन्हा. असं करता करता रंग विरत जायचा, एके दिवशी कोपऱ्यांवर प्रायमर दिसायला लागायचा, पण पापुद्रा सुटल्याचं मला आठवत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या त्या जातीची शेवटची नोंदणीकृत टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची मुदत संपून मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. विरत जाणं आणि सुटून येणं, या दोन म्हातारपणांत मला पहिलं अधिक प्रामाणिक वाटतं. ते रोज थोडं थोडं दिसतं आणि रोज थोडं थोडं सावरता येतं. दुसरं दिसेपर्यंत आत सगळं होऊन गेलेलं असतं.

गाडीच्या रंगाचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते, ती म्हणजे घाई. सुरुवातीच्या मोटारींना वॉर्निशचे थर चढवायला आणि वाळवायला आठवडे लागत. मग १९२३-२४ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचं 'ड्यूको' हे झटपट वाळणारं लॅकर आलं, जनरल मोटर्सने ते आपल्या 'ओकलंड' गाड्यांवर मारलं आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. आपल्याकडच्या गॅरेजांत आणि फर्निचरच्या दुकानांत पेंटर आजही 'ड्यूको मारतो' म्हणतात, तो शब्द तिथला. तिथवर सगळं ठीक. पण पुढे १९८० च्या दशकात काही अमेरिकी गाड्यांवर ई-कोट आणि रंग यांच्यामधला प्रायमरचा थरच गाळला गेला. निळ्या आणि चंदेरी रंगांतून ऊन थेट ई-कोटपर्यंत पोचलं. तो इपॉक्सीचा, इपॉक्सी पत्र्याला घट्ट धरतो, गंज अडवतो, पण ऊन त्याला मुळीच सोसत नाही. त्याची भुकटी झाली आणि वरचा सगळा रंग हातभर लांबीच्या पट्ट्यांनी सुटून आला. जो थर कुणाच्या नजरेला पडणार नव्हता तोच वगळला होता.

आमच्याकडे ऊन एकटं येत नाही, हे आणखी. रत्नागिरीची हवा वर्षभर खारी. हिवाळ्यात कलमं मोहरली की मोहोरावर तुडतुडे बसतात. त्यांच्या अंगातून झरणारा गोड चिकटा पानांवर, अंगणात, झाडाखाली लावलेल्या गाडीवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. सावली म्हणून गाडी आंब्याखाली लावावी, तर हे. गाडी धुवायला बोअरचं पाणी घ्यावं, तर एकेक थेंब आपल्यातल्या क्षाराचं पांढरं कडं ठेवून वाळतो. रात्री वटवाघळं, दिवसा पाखरं. पाखरांच्या विष्ठेत आम्ल असतं. दुपारी तापून मऊ झालेला क्लिअर संध्याकाळी आकसतो तो त्या वाळल्या खपलीला धरून, आणि खपली काढल्यावर तिचा ठसा कायमचा उरतो. आणि मग पाऊस, तीन हजार मिलिमीटरच्या वर. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात. त्यांत पानं आणि माती कुजून बसली की पाणी दाराच्या पोटात साठतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून बाहेर रंगाला फोड येतो. टपाचे पापुद्रे वर्षभर थांबू शकतात. हा फोड थांबत नाही. कुठल्याही गाडीला दाराच्या खाली किंवा मडगार्डच्या कमानीवर असा फोड दिसला, तर बाकीचं सगळं सोडून आधी तिथे जावं.

मिरकरवाडा बंदरातल्या माणसांना यातलं काही सांगावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. नारळी पौर्णिमा जवळ आली की पाऊस उघडीप देईल तशी त्यांची खरवड आणि डागडुजी सुरू होते, आणि त्यानंतर रंग. रंगाचा डबा उघडण्याआधी किती खरवडलं जातं ते तिथे जाऊन पाहण्यासारखं आहे. माझी गाडी ज्यांनी रंगवली ते चाचा तिथलेच. तरुणपणी होड्या रंगवायचे, मग मिरजोळ्याच्या बाजूला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगला लागले आणि तिथेच साठी ओलांडली.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मे संपत आला होता. त्यांनी टपावरून हात फिरवला, एक पापुद्रा काढून उजेडात धरला आणि आभाळाकडे पाहिलं.

"आता नको, ताई. दिवाळीनंतर आणा."

"चाचा, अजून पाऊस लागायला आठवडा आहे."

"पाऊस लागला नाय, पण हवेत पाणी आलंय. हार्डनर ते पितो. वरून चकाचक दिसेल, आतून पकड बसणार नाय."

ते म्हणाले त्यात रसायनशास्त्र पुरेपूर आहे. आजचा क्लिअर कोट दोन डब्यांचा असतो, रंग आणि हार्डनर. हार्डनरमधलं आयसोसायनेट रंगातल्या रेझिनशी जुळून कठीण जाळं विणतं. हवेत दमटपणा फार असेल तर त्यातलं काही पाण्याशीच जुळून जातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, थरात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे अडकतात आणि चमक मंदावते. शहरातल्या मोठ्या वर्कशॉपांत बंदिस्त बूथ असतो. तिथली हवा गाळलेली आणि कोरडी, रंग साठ अंशांवर भाजून काढतात, त्यांना ऋतूची पर्वा कमी. चाचांकडे तीन बाजूंनी ताडपत्री आणि वर सिमेंटचा पत्रा. त्यांचा बूथ म्हणजे कोकणातला कार्तिक. मी सगळा पावसाळा सोललेल्या टपाची गाडी चालवली.

दिवाळीनंतर गाडी त्यांच्याकडे उभी राहिली आणि मग बरेच दिवस रंगाचं नावच नव्हतं. शाळेतलं काम आटोपलं की मी तिथे जाऊन बसायचे. आधी सुटलेला क्लिअर काढला, मग न सुटलेला, पण सुटण्याच्या बेतात असलेला. तो कुठे संपतो आणि घट्ट थर कुठे सुरू होतो ते डोळ्यांना दिसत नाही. पॉलिश पेपरच्या आवाजावरून चाचांना कळायचं. पोकळ जागेवर कागद वेगळा वाजतो. मग कडा मोडायच्या. जुन्या रंगाची पायरी उरता कामा नये. ती राहिली तर नव्या रंगाखालून तिची रेघ उमटते. जाड कागदापासून सुरुवात, पुढे तीनशेवीस, चारशे, आठशे, असा कागद बारीक होत जातो. जिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली तिथे पाणी लावायचं नाही, कारण लांबी पाणी शोषते आणि ते पाणी पुढच्या उन्हाळ्यात रंगाला फुगवतं. प्रायमर चढला की मग वॉटर पेपर. मधूनच चाचा एक पातळ फडकं पत्र्यावर टाकायचे आणि त्यावरून तळवा फिरवायचे, डोळे मिटून. फडक्याखाली पत्र्याचा उंचसखलपणा बोटांना जास्त कळतो म्हणाले. मी करून पाहिलं, मला सगळं सपाटच लागलं. त्यांनी माझं बोट धरून एका जागी ठेवलं. तिथे खरंच खळगा होता.

टायर काळे करायचं पॉलिश त्यांनी गॅरेजात येऊ दिलं नाही. त्यातला सिलिकॉन हवेतूनसुद्धा पत्र्यावर बसतो, आणि जिथे तो बसतो तिथे रंग बाजूला सरकून वाटोळा खड्डा सोडतो.

मेटॅलिक निळा जुळवणं ही एक वेगळीच विद्या. रंगाचा कोड गाडीच्या पट्टीवर लिहिलेला असतो, पण तो कारखान्यातून निघालेल्या गाडीचा. माझी दारं इतक्या वर्षांच्या उन्हात थोडी उतरली होती. शिवाय या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पत्रे असतात. फवारा ओला पडला तर ते एका तऱ्हेने बसतात, कोरडा पडला तर दुसऱ्या, आणि तोच डबा दोन निळे दाखवतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात उघडा पडतो. म्हणून चाचा नमुन्याचा पत्रा घेऊन सकाळी बाहेर जायचे, दुपारी जायचे, आणि पुन्हा दिवस कलताना. शेवटी फवारा मारायला एक सकाळ पुरली. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, मशीन लावलं आणि जेवणाच्या आत टप निळा झाला. लोक पैसे मोजतात ते या सकाळचे. "रंग काय, कोण पण मारील," चाचा म्हणाले, "घासायचं कुणी बघत नाय, म्हणून त्याचं कुणाला द्यावंसं वाटत नाय." हे वाक्य मी विसरणार नाही.

चाकांना मात्र त्यांनी हात लावला नाही. "अ‍ॅल्युमिनियमची जात वेगळी. कोल्हापूरला न्या." आंबा घाट चढून मी ती कोल्हापूरला नेली. तिथल्या पावडर कोटिंगवाल्याने समजावलं ते असं. अ‍ॅल्युमिनियम उघडं पडताक्षणी स्वतःवर काही नॅनोमीटरचं ऑक्साइडचं कवच धरतं. लोखंडाचा गंज लोखंडाला खात जातो, हे कवच राखतं. पण मिठातलं क्लोराइड त्याला छिद्रं पाडतं. माझी चाकं डायमंड कट होती, म्हणजे तोंड लेथवर कापून धातूची चमक तशीच ठेवलेली आणि वर फक्त लॅकर. लेथने कापलेल्या धारदार कडेवर लॅकर टिकत नाही, पातळ होतं. तिथे महामार्गाची खडी लागते, पंक्चरवाल्याची पहार लागते, चाकाचा तोल साधायला ठोकलेल्या वजनाचा चिमटा लागतो. तेवढ्या फटीतून मीठ आणि दमट हवा आत शिरते आणि लॅकरखालून रेघ पुढे सरकत राहते. हवेत पासष्ट टक्क्यांच्या वर दमटपणा तिला मानवतो. रत्नागिरीत तो बहुतेक बारमाही असतो. वरून पुन्हा लॅकर मारून काही साधत नाही. टायर उतरवायचा, जुनं सगळं काढायचं, बारीक कणांचा मारा करून धातू स्वच्छ करायचा आणि ऑक्साइड घट्ट व्हायच्या आत प्रायमर द्यायचा. भट्टीतही जपायचं. चाकाच्या मिश्रधातूला मुळात उष्णतेच्या संस्कारानेच बळ आलेलं असतं, बेताल तापवलं तर ते जातं. ज्या चाकाला तडा गेलाय त्याला रंग देऊच नये, असं तो ठामपणे म्हणाला, आणि मला त्याचं फार बरं वाटलं. तडा रंगाखाली लपतो, पण घाटात तो लपून राहत नाही.

मी चमक सोडून दिली. चारही चाकं साध्या राखाडी पावडर कोटची करून घेतली. समुद्राकाठच्या गावात डायमंड कट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आरे-वारेला, भाट्याला ज्यांना गाडी वाळूत घालायची हौस येते त्यांनाही एवढंच सांगणं आहे की ते करू नये, किनाऱ्यासाठी आणि गाडीसाठीही. आणि खाऱ्या वाऱ्यातून आल्यावर चाकं निवली की ती गोड्या पाण्याने धुवावीत, आम्लाच्या क्लिनरने नव्हे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. फवारा मारताना चाचांच्या तोंडाला रुमाल होता. त्यांच्या हाताखालच्या पोराच्याही तोंडाला रुमालच होता. चाचांना चार पायऱ्या चढल्या की छाती भरून येते आणि डॉक्टरांनी दमा सांगितला आहे. त्यांचा दमा कशाने हे मी ठरवू शकत नाही. पण हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रंगाऱ्यांच्या दम्याचं जगभर मान्य झालेलं कारण आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये जो वायू गळला तो याच कुळातला. हार्डनरमधला प्रकार त्याच्याइतका सहज उडून जाणारा नाही, पण फवाऱ्याच्या तुषारावर बसून तो थेट फुफ्फुसात उतरतो. वासाने तो वेळेवर कळत नाही. शरीराला एकदा त्याचं वावडं झालं की पुढे अगदी थोड्या तुषारानेही धाप लागते, आणि ते वावडं सहसा जात नाही. रुमाल त्याला अडवत नाही. धुळीचा मास्कही नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने आत पुरवणारा मास्क लागतो, आणि तो नसेल तर निदान रासायनिक वाफा आणि तुषार दोन्ही अडवणारी ताजी कार्ट्रिज असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क. आपल्याकडच्या छोट्या गॅरेजांत यातलं काही क्वचितच दिसतं, कारण ते कुणी मागत नाही आणि त्याचे पैसे कुणी धरत नाही. घासाईचे धरत नाही तसेच.

तेव्हा गाडी रंगाला टाकाल तेव्हा गणपतीच्या आत, लग्नाच्या आत असा वायदा घेऊ नका. कोकणात असाल तर पावसाळा पूर्ण ओसरू द्या. भाव ठरवताना घासाईचे दिवस वेगळे विचारा आणि त्यांत घासाघीस करू नका. फवारणीच्या सकाळी स्वतः जाऊन मारणाऱ्याच्या तोंडावर काय आहे ते पाहा. रुमाल असेल तर काम थांबवायला सांगा आणि मास्कचा खर्च आपल्या बिलात लावायला आपण होऊन सांगा.